पाण्यापासून सुरुवात करा: पशुसंवर्धन आयुक्तांना आणि कुक्कुटपालन कंपन्यांना एका ब्रॉयलर उत्पादकाचे खुले पत्र

प्रति,
माननीय आयुक्त, पशुसंवर्धन विभाग, महाराष्ट्र राज्य, पुणे
तसेच
राज्यात करार पद्धतीने ब्रॉयलर पक्षी वाढवून घेणाऱ्या कंपन्यांचे संचालक

विषय: ब्रॉयलर पक्ष्यांमध्ये प्रतिजैविकांऐवजी प्रोबायोटिकचा वापर आणि त्यासाठी लागणाऱ्या व्यवस्थेबाबत

महोदय,

मी सिन्नर तालुक्यात गेली १२ वर्षे करार पद्धतीने ब्रॉयलर, म्हणजे मांसासाठीच्या, कोंबड्या वाढवतो. शेड ५ हजार पक्ष्यांची आहे आणि वर्षाला साधारण सहा लॉट, म्हणजे एकाच वेळी वाढवलेल्या पक्ष्यांच्या तुकड्या, निघतात. पिल्ले कंपनीची, खाद्य कंपनीचे, औषधही कंपनीचेच. शेड, पाणी, वीज, तूस आणि रात्रीची जाग आमची. प्रतिजैविके (अँटिबायोटिक औषधे) कमी करा आणि त्याऐवजी प्रोबायोटिक, म्हणजे आतड्याला उपयुक्त असे जिवंत जिवाणू, द्या, हा सल्ला हल्ली शेतकरी मेळाव्यांत, प्रशिक्षणांत आणि औषध विक्रेत्यांच्या तोंडून सतत ऐकू येतो. तो सल्ला मला मनापासून पटला आहे, मी तो माझ्या शेडमध्ये करून पाहिला आहे आणि म्हणूनच आपल्याला हे पत्र लिहीत आहे. एक बाटली बाजूला ठेवून तिच्या जागी दुसरी बाटली उघडण्याइतके हे काम सोपे असल्यासारखे आम्हाला सांगितले जाते. तसे ते केले तर पहिल्याच वाईट लॉटला शेतकरी जुन्या औषधाकडे परत जाईल, आणि परत गेलेल्या शेतकऱ्याला पुन्हा वळवणे फार अवघड होईल.

तीन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यातला एक लॉट मी विसरू शकत नाही. नवव्या दिवशी सकाळी शेडमध्ये गेलो तेव्हा पडद्याकडच्या बाजूला पिल्ले पंख सोडून, डोळे मिटून बसलेली होती. रोजची आठ-दहा पिल्लांची मरतूक दोन दिवसांत साठावर गेली. कंपनीच्या सुपरवायझरने एन्रोफ्लॉक्सॅसिन हे प्रतिजैविक पाण्यातून द्यायला सांगितले. तीन दिवसांनी फरक पडला नाही म्हणून आणखी दोन दिवस वाढवले, मग औषध बदलले. मेलेला पक्षी फाडला की हृदयावर आणि यकृतावर पिवळसर पांढरा पापुद्रा चढलेला दिसे, ई. कोलाय या जिवाणूचा हा आजार आमच्या भागात प्रत्येक पोल्ट्रीवाल्याला पाहून पाहून ओळखता येतो. शेवटी ओळखीच्या एका पशुवैद्यकाच्या मदतीने मी नमुने प्रयोगशाळेत पाठवले आणि अहवाल घ्यायला स्वतः गेलो.

तिथल्या मॅडमनी मला एक बशी दाखवली. बशीत जिवाणूंचा दाट थर वाढलेला होता आणि त्यावर औषधात भिजवलेल्या कागदाच्या छोट्या गोल टिकल्या ठेवलेल्या होत्या. औषध लागू पडत असेल तर टिकलीभोवती स्वच्छ गोल जागा दिसते, असे त्यांनी समजावून सांगितले. मी पाच दिवस जे औषध पाजले होते, त्या टिकलीला जिवाणू अगदी कडेपर्यंत भिडून वाढले होते, जणू तिथे टिकली ठेवलेलीच नव्हती. तोवर मी ४०० हून अधिक पक्षी खड्ड्यात पुरले होते. मॅडमनी पुढचा प्रश्न विचारला, ‘पाणी कुठले देता?’ विहिरीचे, मी म्हणालो. त्याच पाण्यात ई. कोलाय निघाला. माझा खताचा उकिरडा विहिरीपासून ३० फुटांवर होता. रोग मीच रोज पिल्लांना पाजत होतो आणि त्याच पाण्यात औषध कालवत होतो.

त्याच वर्षी माझ्या बहिणीला लघवीच्या संसर्गाचा त्रास वारंवार होऊ लागला. तिच्या तपासणीच्या अहवालात औषधांची नावे एकाखाली एक होती आणि त्यांतल्या बऱ्याच नावांसमोर, औषध लागू पडत नाही, अशी खूण होती. माणसांना देतात त्या सिप्रोफ्लॉक्सॅसिन या प्रतिजैविकासमोरही तीच खूण होती. कोंबडीच्या अंगात गेलेल्या एन्रोफ्लॉक्सॅसिनचा काही भाग सिप्रोफ्लॉक्सॅसिनमध्येच बदलतो, हे मला तेव्हा प्रयोगशाळेतून कळलेले होते. माझ्या शेडमुळे तिला तो आजार झाला, असे म्हणायला काहीही आधार नाही आणि तसे मी म्हणतही नाही. पण दोन्ही अहवाल एकाच पिशवीत ठेवून घरी आणताना मला जे वाटले, ते आपल्यापर्यंत पोहोचावे अशी माझी इच्छा आहे.

हा प्रश्न आपल्याकडेच उद्भवलेला नाही. १९४० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत क्लोरटेट्रासायक्लिन तयार करताना उरणारा चोथा खाद्यात मिसळला असता पिल्ले लवकर वाढतात असे दिसले आणि तेव्हापासून निरोगी पक्ष्याला थोडे थोडे प्रतिजैविक रोज खाऊ घालण्याची रीत जगभर पसरली. जिवाणू मरणार नाहीत पण त्यांना औषधाची ओळख होईल, एवढीच ती मात्रा असते. प्रतिकार शिकवण्याची यापेक्षा चांगली शाळा नाही. स्वीडनने १९८६ मध्ये वाढीसाठीचा हा वापर बंद केला आणि १ जानेवारी २००६ पासून संपूर्ण युरोपीय संघाने बंद केला. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००५ मध्ये कोंबड्यांसाठी एन्रोफ्लॉक्सॅसिनची परवानगी काढून घेतली, कारण कोंबडीच्या मांसातून माणसापर्यंत येणारा कॅम्पिलोबॅक्टर हा जिवाणू त्या गटाच्या औषधांना दाद देईनासा झाला होता. आपल्याकडे २०१४ मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट या संस्थेने दिल्ली परिसरातील कोंबडीचे ७० नमुने तपासले, तेव्हा त्यांतील ४० टक्के नमुन्यांत प्रतिजैविकांचे अंश सापडले. २०१५ मध्ये चीनमध्ये डुकरांत, मांसात आणि रुग्णांतही कोलिस्टिनला निष्प्रभ करणारे, एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे सहज जाणारे जनुक आढळले. कोलिस्टिन हे अतिदक्षता विभागात बाकी सारी औषधे हरल्यावर वापरायचे औषध आहे. केंद्र सरकारने जुलै २०१९ मध्ये त्याचा पशुपालन, कुक्कुटपालन, मत्स्यशेती आणि पशुखाद्यातला वापर बंद केला, हे अतिशय योग्य झाले. २०१९ या एका वर्षात जगात सुमारे १२ लाख ७० हजार माणसे औषधांना न जुमानणाऱ्या जिवाणूंच्या संसर्गाने थेट दगावली, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे.

आता प्रोबायोटिकबद्दल. माझ्या लहानपणी घरी गावरान कोंबड्या होत्या. खुडूक कोंबडीखाली आई अंडी ठेवायची आणि २१ दिवसांनी पिल्ले निघाली की ती पिल्ले दिवसभर आईच्या पायांत, तिच्या विष्ठेत, उकिरड्यात टोचत फिरायची. ते किळसवाणे वाटायचे, पण त्या टोचण्यातूनच पिल्लाच्या आतड्यात आईच्या आतड्यातले चांगले जिवाणू जात असत. हॅचरीतल्या पिल्लाला आई नसते. ते निर्जंतुक केलेल्या मशीनमध्ये जन्मते, पेटीत बसून येते आणि जवळजवळ रिकामे आतडे घेऊन माझ्या शेडमधल्या तुसावर उतरते. रिकाम्या रानात आधी तणच उगवते. पहिल्या दोन-तीन दिवसांत जो जिवाणू त्या आतड्यात पोहोचेल तो तिथे मुक्काम करतो, आणि माझ्या त्या लॉटमध्ये विहिरीतला ई. कोलाय पहिला पोहोचला होता.

हीच गोष्ट फिनलंडमधल्या एस्को नुर्मी आणि त्यांचे सहकारी रांताला यांनी १९७३ मध्ये प्रयोगाने दाखवून दिली. १९७१ मध्ये तिथल्या ब्रॉयलर कोंबड्यांत साल्मोनेला या रोगजंतूचा मोठा प्रादुर्भाव झाला होता. त्यांनी निरोगी मोठ्या कोंबडीच्या आतड्यातला ऐवज पातळ करून एक दिवसाच्या पिल्लांना पाजला आणि मग त्यांना साल्मोनेला दिला, तर बहुतेक पिल्लांत तो रुजलाच नाही. चांगल्या जिवाणूंनी आधीच जागा धरलेली होती. लॅक्टोबॅसिलस, बॅसिलस, एन्टरोकोकस आणि यीस्ट यांची आज मिळणारी बहुतेक प्रोबायोटिके याच तत्त्वावर बेतलेली आहेत. ती जागा अडवतात, आतड्यात आम्ल तयार करतात, घातक जिवाणूंचे खाणे पळवतात आणि पिल्लाच्या रोगप्रतिकारशक्तीला जागे ठेवतात. याचा सरळ अर्थ असा की प्रोबायोटिक हे आजार येण्याआधीचे काम आहे. नवव्या दिवशी साठ पक्षी मेल्यावर ते पाजून काहीही उपयोग नाही, आणि तसा उपयोग होतो असे सांगून ते विकणारे लोक या चांगल्या गोष्टीची पत घालवत आहेत.

मी पहिल्यांदा ते वापरले तेव्हा पैसे वाया गेले. पाणी शुद्ध करायचे म्हणून मी टाकीत क्लोरीन टाकत होतो आणि त्याच टाकीत लॅक्टोबॅसिलसची पावडर मिसळत होतो. राणीखेत रोगावरची लसोटाची लस पाण्यातून पाजताना क्लोरीनने लस मरू नये म्हणून आम्ही सगळेच पाण्यात दूध पावडर टाकतो, इतकी साधी गोष्ट आम्हाला पाठ आहे. पण प्रोबायोटिक हेही जिवंत असते, त्यालाही क्लोरीन मारते, हे मला सुपरवायझरने सांगितले नाही आणि दुकानदारानेही सांगितले नाही. पाकिटावर तशी सूचना नव्हती. शिवाय पक्ष्यांना पाणी पाजणाऱ्या नळीच्या, म्हणजे निपल लाइनच्या, टोकाचे बूच काढून पाहिले तेव्हा बोटाला शेवाळासारखा बुळबुळीत थर लागला. वर्षानुवर्षे त्या लाइनमधून व्हिटॅमिन, गूळपाणी आणि औषधे गेलेली होती आणि त्या साक्यावर रोगजंतूंची पिढ्यान्‌पिढ्या वस्ती झालेली होती. त्या लाइनमधून मी कितीही चांगले जिवाणू सोडले असते तरी ते पिल्लाच्या चोचीपर्यंत कोणत्या अवस्थेत पोहोचले असते, याचा विचार आपणच करावा.

त्यानंतर मी क्रम उलटा केला. उकिरडा हलवला, विहिरीला कठडा बांधला, दोन लॉटमधल्या रिकाम्या काळात लाइन हायड्रोजन पेरॉक्साइडने धुऊन काढली आणि तूस ओले राहू नये म्हणून निपलची उंची पक्ष्याच्या वाढीप्रमाणे उचलत गेलो. पिल्ले उतरल्यावर पहिले काही तास क्लोरीन नसलेल्या, उकळून गार केलेल्या पाण्यातून प्रोबायोटिक दिले, तेही दोन-चार तासांत संपेल एवढ्याच पाण्यात. नंतरच्या चार लॉटपैकी तीन लॉट मी पाण्यातून एकदाही प्रतिजैविक न देता काढले. चौथ्या लॉटला श्वसनाचा आजार आला, तेव्हा पशुवैद्यकांच्या सल्ल्याने औषध दिले आणि ते द्यायलाच हवे होते. आजारी जनावराला उपचार नाकारणे हा या पत्राचा हेतू नाही. चार लॉटवरून शास्त्र ठरत नाही, हे मी जाणतो. यातले किती यश पाण्याचे आणि किती प्रोबायोटिकचे, हेही मला वेगळे काढून दाखवता येणार नाही. पण पाण्याची व्यवस्था आधी आणि पाकीट नंतर, हा क्रम मात्र मला पक्का कळला.

आता आपल्याकडे काही मागणी करतो. औषधांची विक्री अन्न व औषध प्रशासनाच्या अखत्यारीत येते आणि सगळे काही एका खात्याच्या हातात नाही, याची मला कल्पना आहे. तरीही पुढाकार पशुसंवर्धन खात्यानेच घ्यायला हवा, कारण शेडपर्यंत पोहोचणारा माणूस आपलाच आहे.

सर्वांत आधी, मला माझ्या पक्ष्याच्या पोटात काय जाते ते कळले पाहिजे. माझ्या शेडमध्ये येणाऱ्या खाद्याच्या पोत्यावर प्रथिने, स्निग्ध पदार्थ आणि तंतू यांचे टक्के छापलेले असतात. त्यात प्रतिजैविक मिसळले आहे का आणि असेल तर कोणते, याची ओळ नसते. सुपरवायझरला विचारले तर त्यालाही ठाऊक नसते. पाण्यातून मी प्रोबायोटिक द्यायचे आणि खाद्यातून कोणीतरी त्याच जिवाणूंना मारणारे औषध द्यायचे, असे होत असेल तर माझी सारी मेहनत फुकट आहे. कंपन्यांना माझी हात जोडून विनंती आहे की पोत्यावर ही एक ओळ छापा. आयुक्त महोदयांना विनंती आहे की ती छापणे बंधनकारक व्हावे यासाठी शासनाकडे शिफारस करावी.

यापेक्षाही मोठा अडसर कराराचा आहे. माझ्या करारात ठरलेल्या टक्क्यापुढची मरतूक माझ्या मोबदल्यातून कापली जाते आणि एफसीआर (एक किलो वजनामागे लागणारे खाद्य) बिघडला की किलोमागचा दर उतरतो. डेन्मार्कच्या ब्रॉयलर उत्पादकांनी १९९८ च्या फेब्रुवारीत वाढीसाठीची प्रतिजैविके स्वतःहून थांबवली, तेव्हा तिथे मरतूक वाढली नाही आणि एक किलो वजनामागे लागणारे खाद्य २० ग्रॅमहूनही कमी वाढले. हा आकडा ऐकून धीर येतो. पण त्यांच्या शेड आणि आमच्या पडद्याच्या शेड, त्यांचे हवामान आणि आमचा ४० अंशांचा एप्रिल यांत फरक आहे. नॉर्वेने १९९५ मध्ये अव्होपार्सिन हे वाढीसाठीचे प्रतिजैविक बंद केल्यावर कोंबड्यांत आतडे सडवणारा क्लॉस्ट्रिडियम या जिवाणूचा आजार एकदम वाढला होता आणि मग नॅरासिन हे दुसरे औषध खाद्यातून देण्यास परवानगी मिळाल्यावर तो खाली आला. म्हणजे बदलाच्या सुरुवातीला काही लॉट वाईट जाऊ शकतात. ते वाईट लॉट कोणाच्या खात्यावर टाकायचे, हे ठरल्याशिवाय कोणताही शहाणा शेतकरी औषधाची बाटली शेडमधून बाहेर ठेवणार नाही. मुलांची फी आणि बँकेचा हप्ता ज्या लॉटवर अवलंबून आहे, त्या लॉटवर एकट्याने प्रयोग करायला त्याला कोणत्या तोंडाने सांगायचे? प्रतिजैविकाशिवाय पक्षी काढू इच्छिणाऱ्या उत्पादकांसाठी कंपन्यांनी पहिल्या तीन-चार लॉटपुरता किमान मोबदला निश्चित करावा आणि मरतुकीची कपात थांबवावी. असा पक्षी वेगळ्या नावाने, वाढीव भावाने विकला जात असेल तर त्या वाढीव भावातला वाटाही शेडपर्यंत यावा.

प्रयोगशाळेबद्दल थोडे सविस्तर लिहितो. २००६ मध्ये नवापूरला बर्ड फ्लू आला, तेव्हा आपल्याच खात्याची माणसे संरक्षक पोशाख घालून एकेका शेडमध्ये पोहोचली होती आणि नमुने भोपाळच्या प्रयोगशाळेपर्यंत गेले होते. मनात आणले तर खाते काय करू शकते, हे त्या वेळी साऱ्या राज्याने पाहिले. औषधांना न जुमानणारा ई. कोलाय तसा गाजावाजा करत येत नाही, म्हणून त्याच्यासाठी कोणी धावत नाही. औंधच्या रोग अन्वेषण विभागात तज्ज्ञ आहेत, पण सिन्नरहून मेलेला पक्षी बर्फात घालून पुण्याला न्यायचा आणि चार-पाच दिवस अहवालाची वाट बघायची, एवढ्या काळात अर्धी शेड बसलेली असते. म्हणून सुपरवायझर अंदाजाने औषध सांगतो आणि आम्ही ते देतो. नाशिक, अहिल्यानगर, पुणे, सांगली अशा कोंबड्यांची दाटी असलेल्या जिल्ह्यांत कोणते औषध लागू पडते हे तपासण्याची आणि पिण्याच्या पाण्यातले जिवाणू मोजण्याची सोय जिल्हा पातळीवर झाली, तर निम्मी औषधे आपोआप थांबतील असा माझा अनुभव सांगतो. पाण्याची तपासणी प्रत्येक लॉटआधी आणि नाममात्र दरात व्हावी.

बाजारातल्या प्रोबायोटिकचीही तपासणी हवी. माझ्याकडे आलेल्या तीन पाकिटांपैकी एकावर जिवाणूचे नाव होते पण संख्या नव्हती. दुसऱ्यावर संख्या होती, मात्र ती पॅकिंगच्या दिवसाची की मुदत संपण्याच्या दिवसाची हे लिहिलेले नव्हते. तिसऱ्यावर ‘उपयुक्त जिवाणूंचे मिश्रण’ एवढेच छापलेले होते. पत्र्याच्या दुकानात मे महिनाभर पडून राहिलेल्या लॅक्टोबॅसिलसमध्ये जिवंत किती उरत असतील, हा प्रश्नच आहे. बीजाणू धरणारे बॅसिलस अशा उष्णतेत आणि खाद्याच्या गोळ्या बनवतानाच्या वाफेतही टिकतात, पण हा फरक शेतकऱ्याला कोणी सांगत नाही. युरोपात कोणताही जिवाणू खाद्यात वापरायला परवानगी देण्याआधी त्याच्याकडे दुसऱ्या जिवाणूला देता येईल असे औषधप्रतिकाराचे जनुक नाही ना, हे तपासतात. ज्या संकटावर उपाय म्हणून आपण हे जिवाणू आणतो, तेच संकट त्यांच्याबरोबर शेडमध्ये येऊ नये, एवढी खबरदारी आपल्याकडेही घेतली गेली पाहिजे.

शेवटची विनंती महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाच्या मदतीने प्रत्यक्ष शेतकऱ्यांच्या शेडमध्ये चाचण्या घेण्याची आहे. विद्यापीठाच्या प्रक्षेत्रावर पक्षी थोडे, पाणी स्वच्छ आणि माणसे शिकलेली असतात. तिथे लागू पडलेली गोष्ट माझ्या शेडमध्ये जुलैच्या ओल्या तुसावर लागू पडेलच असे नाही. एकाच शेडचे दोन भाग करून, दोन्ही भागांना तेच पाणी आणि तेच खाद्य देऊन, एका बाजूला प्रोबायोटिक द्यावे आणि पावसाळा, हिवाळा आणि उन्हाळा असे तीनही लॉट मोजावेत. निकाल वाईट आले तरी ते मराठीत छापून आम्हाला द्यावेत.

या चाचणीसाठी मी माझी शेड विनामोबदला द्यायला तयार आहे. मधोमध जाळी लावण्याचा खर्च माझा राहील. कंपनीने फक्त प्रतिजैविक नसलेले खाद्य द्यावे आणि त्या लॉटपुरती मरतुकीची कपात करू नये. सध्याचा लॉट उचलला की शेड १५ दिवस रिकामी राहते. त्या दिवसांत आपल्या खात्याचा एखादा माणूस आला तर विहिरीचे, टाकीचे आणि निपल लाइनच्या शेवटच्या टोकाचे, असे पाण्याचे तीन नमुने मी त्याच्यासमोर काढून देईन.

आपला नम्र,
करार पद्धतीचा एक ब्रॉयलर उत्पादक
ता. सिन्नर, जि. नाशिक